वाढत्या अंगाचे कपडे

१

सकाळी डोळा उघडला की ठमीची आई आधी पोरीच्या छातीला कान लावायची. चहा, पाणी, केरवारे, सगळं त्याच्या मागून. छातीत शिट्टी वाजतेय का, आणि वाजतेय तर कशी, यावर तिचा सगळा दिवस ठरायचा. बारीक, लांब शिट्टी असली तर वाफ द्यायची. तुटक असली तर पोरीला खांद्यावर टाकायचं आणि पायात चपला असोत की नसोत, दवाखान्याकडे पळायचं. शिट्टी नाहीच, अशी सकाळ पोर जन्मल्यापासून तिनं पाहिली नव्हती.

ठमी हे नाव आत्यानं चेष्टेनं पाडलेलं. अंगावर चिमूटभर मांस नाही, आणि म्हणे ठमी! पण तेच चिकटलं, आणि तिची आई ठमीची आई झाली.

त्या मोठ्या शहरात राहायला त्यांची एकच खोली. खाली लाकडाची वखार. करवत सुरू झाली की फरशी थरथरायची आणि भुसा फटीफटीतून वर यायचा. भांडी पुसा, अंथरूण झाडा, काही उपयोग नाही. डॉक्टरीणबाई दर वेळी तेच म्हणायच्या, "औषध मी देते हो, पण हवा कुठून देऊ? जागा बदला." जागा बदला! जशा काही जागा झाडाला लागतात.

ठमीची आई घरबसल्या कपड्यांची दुरुस्ती करायची. त्यात मुलांचे कपडे लांब करण्याचंच काम जास्त. आया पोरांना वाढत्या अंगाचे कपडे घेतात, खालच्या काठाला आत भरपूर दुमड ठेवलेले. पोर वाढलं की ती दुमड उसवून घ्यायला हिच्याकडे यायच्या. "बघा ना, कसा ताडमाड वाढतोय मेला! कपडा म्हणून पुरत नाही," असं चिडल्यासारखं करत, तोंडभर हसत सांगायच्या. ही मान डोलवायची, जुनी शिवण उसवायची, इस्त्री फिरवायची. आणि मनात म्हणायची, माझ्या ठमीची दुमड कधी सोडायला येणार?

अशात ठमीच्या बाबाला नवी जागा चालून आली. तो पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर होता. त्याच मालकाचा दुसरा कारखाना एका मधल्याच शहरात निघाला होता. ना धड मोठं, ना धड लहान. इथल्या एका खोलीच्या भाड्यात तिथं तीन खोल्या, गच्ची आणि वर मोकळी हवा.

"साहेब म्हणाले, आधी आठवडाभर राहून बघा," बाबा घरी येऊन सांगत होता. "कारखान्याचीच जागा आहे, रिकामी. घरच्यांना पटलं तर हो म्हणा. नाही पटलं तर आपली वाट मोकळी."

"एवढं स्वस्त का पण?" तिनं विचारलं.

"झालं! महाग असलं तरी हिला झोप नाही, स्वस्त असलं तरी झोप नाही."

२

जागा बघून तिला आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरलो असं वाटलं. एवढ्या उंच भिंती, एवढी रुंद दारं. स्वयंपाकघरात चौघी फुगडी घालतील एवढी जागा. ठमी तर या खोलीतून त्या खोलीत नुसती पळत सुटली. "सावकाश! धाप लागेल!" ही मागून ओरडत राहिली. धाप लागली नाही.

बेसिनच्या वर आरसा होता. पण तो इतका खाली होता की ठमीच्या आईला त्यात स्वतःचं पोट दिसायचं.

"आधीच्यांना लहान मुलं असतील," बाबा म्हणाला. त्यानं आरसा काढून वर अडकवायला हात उचलला, तेव्हा दिसलं. भिंतीत खिळ्यांची भोकं होती. सगळ्यात वरचं बाबाच्या कपाळाच्या उंचीवर. त्याच्या खाली दुसरं, त्याच्या खाली तिसरं, अशी रांगच उतरत आली होती. कुणीतरी आरसा पुन्हापुन्हा काढून थोडा थोडा खाली आणला होता.

"मूल वाढलं की आरसा वर जातो," ती म्हणाली. "हा खाली कसा गेला?"

"अगं, खालून वर गेला असेल. भोकाला काय तोंड असतं, कुठून आलो सांगायला?"

तेही खरंच. पण वरच्या भोकांत जळमटं होती आणि खालच्यांच्या कडांना पांढरा, ताजा चुना होता. तिनं बोटानं चाचपून पाहिलं. बोटाला पांढरं लागलं. मग पोरीनं हाक मारली म्हणून ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सवयीनं पोरीच्या छातीला कान लावला. आत काहीच वाजत नव्हतं. तिनं कान घट्ट दाबला. काही नाही. नाकापुढे बोट धरलं. बोटाला ऊब लागली. पोर श्वास घेत होती, गाढ झोपेत, तोंड मिटून, नाकानं, जगातली सगळी पोरं घेतात तसा.

ठमीची आई भिंतीला टेकून बसली आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली. नवरा उठू नये म्हणून.

३

खालच्या मजल्यावरच्या वहिनी त्याच दिवशी आपणहून वर आल्या. गोल चेहरा, हसरे डोळे, बुटका बांधा. "बघायला आलात ना? आम्हीही बघायलाच आलो होतो," म्हणत त्या सरळ स्वयंपाकघरात येऊन बसल्या. "मी म्हटलं, भाडं एवढं कमी म्हणजे भुताखेताची जागा असणार. आमचे हे म्हणाले, असू दे की, तुला बघून पळून जाईल."

ठमीची आई हसली. किती तरी दिवसांनी.

"पोरीची तब्येत कशी आहे?" वहिनींनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, इथं येणाऱ्या प्रत्येकाचं काहीतरी असतंच. आमच्या ह्यांची कंबर. वरच्या मास्तरांचं पोट. इथं आलं की बरं वाटतं. एकदा मानवलं की मग माणूस हलत नाही."

त्यांच्या पाठोपाठ दोन मुली वर आल्या. एक उंचशी, गबाळी, नाक ओढत. दुसरी तिच्या खांद्याला लागेल एवढी, नीटनेटकी. ठमीच्या आईनं उंच मुलीला जवळ घेतलं. "तू थोरली ना गं? कितवीत?"

"ती धाकटी," लहान मुलगी म्हणाली. आवाज शांत होता, बाईमाणसासारखा. "ती मामाकडे राहायची, परवा सुट्टीत आली. थोरली मी. हिचा गणिताचा पाया फार कच्चा राहिलाय, तिकडे कुणी लक्षच दिलं नाही."

धाकटीनं जीभ काढून दाखवली. थोरलीनं डोळ्यांनीच तिला गप्प केलं आणि ठमीच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात फिरवण्याची तऱ्हा पाहून ठमीच्या आईला आपल्या मोठ्या जावेची आठवण झाली. ठमी मात्र थोरलीकडे आपल्याच वयाची मैत्रीण मिळाल्यासारखी बघत होती.

एकेकाची वाढ असते, तिनं स्वतःला समजावलं. आपलीच पोर कुठे वयाएवढी दिसते?

जाताना वहिनी म्हणाल्या, "तुम्ही कपड्यांचं काम करता ना? हे म्हणत होते. मग थोरलीचा शाळेचा स्कर्ट जरा बघून द्याल का? इथला शिंपी गर्दीनं मेटाकुटीला आलाय. सगळं शहर त्याच्याच दारात."

४

स्कर्ट हातात आल्यावर तिला बरं वाटलं. परक्या घरात ओळखीचं काम म्हणजे कुणीतरी आपलं माणूस भेटल्यासारखं. तिनं खिडकीत बसून काठ चाचपला. आत जाड दुमड होती. मुलीची शाळा सुरू होणार, म्हणजे लांब करून हवा, आणखी काय असणार? आजवर कुणी दुसरं काही मागितलंच नव्हतं. तिनं विचारायचे कष्टही घेतले नाहीत.

पहिला टाका उसवला, दुसरा उसवला, दुमड सुटली. आत आणखी एक दुमड होती. तिचा दोरा वेगळा, काळपट. ती उसवली तर आत तिसरी. पांढरा दोरा, दुसऱ्याच कुणाचा तरी हात, घाईचा. कापड सुटतच गेलं. आतला भाग गडद, नवाकोरा, ऊन कधीच न पाहिलेला. कमरेलाही तसंच होतं. चिमटीवर चिमटी घेतलेली. सगळ्या शिवणी सोडून तिनं स्कर्ट उभा धरला, तेव्हा तो तिच्या स्वतःच्या कमरेपासून गुडघ्याखाली आला.

मोठ्या बहिणीचा असेल, ती म्हणाली. पण मोठी बहीण तर हीच. मावसबहिणीचा असेल. विकत घेतलेला जुना असेल. लोक घेतात. तिनंही घेतले होते. मग कमरेच्या पट्टीवर तिला शाळेसाठी दोऱ्यानं भरलेली अक्षरं दिसली. थोरलीचंच नाव होतं, पट्टी शिवायच्या आधी भरलेलं, अगदी पहिल्या दिवशीचं.

तरी हातानं काम सोडलं नाही. डोकं एकीकडे आणि हात एकीकडे, असं होतं कधीकधी. तिनं इस्त्री फिरवली, छान घडी घातली आणि संध्याकाळी खाली नेऊन दिला.

वहिनींनी घडी उलगडली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अगं बाई! सोडलात?"

"म्हणजे... लांब करायचा होता ना?"

"लांब?" वहिनींनी स्कर्ट छातीशी गोळा करून घेतला, उघड्या अंगावर कपडा ओढावा तसा. "लांब कशाला करायचा? आखूड करून हवा होता. आम्ही तो असा सोडत नाही कधी." मग त्यांनी आत थोरली ऐकते आहे का बघितलं आणि आवाज खाली आणला. "तिला दाखवू नका हं. तिला आठवतं मग."

५

"कपडे आखूड करून घेतात म्हणून शहर सोडायचं?" ठमीचा बाबा जेवता जेवता थांबला. "अगं, लोक ऐकतील तर काय म्हणतील? पाणी नाही म्हणून सोडतात, काम नाही म्हणून सोडतात. आमची ही शिवणीवरून सोडतेय."

"तुम्ही कारखान्यात बघा ना जरा. माणसं कशी आहेत?"

"माणसांसारखी आहेत. दोन हात, दोन पाय."

"उंचीला?"

तो हसायचा थांबला. क्षणभरच. "मशीनपुढे पाट ठेवलेत," तो म्हणाला. "उभं राहायला. प्रत्येकाचा आपापला. मशीन उंच आहे, त्याला ते काय करणार?" मग पुन्हा भाजीत घास बुडवत म्हणाला, "पोरीकडे बघ. दोन वेळा मागून खातेय. तू शिवणी मोज."

शिवणी मोज म्हणाला, पण तिनं पोर मोजायची ठरवली.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिनं ठमीला भिंतीला उभं केलं. मापाची टेप शिवणाच्या मशीनबरोबर तिकडच्या जुन्या खोलीतच राहिली होती. पण तिला टेप लागायची नाही. तिची वीत तिच्या गिऱ्हाइकांत नावाजलेली होती. टाचेपासून डोक्यापर्यंत तिनं वितीवर वीत टाकत नेली. ठमी गुदगुल्यांनी खिदळत होती. माप बरोबर तेवढंच भरलं, इकडे यायच्या आधी नवा फ्रॉक बेतला होता तेव्हाएवढंच. रतीभरही कमी नाही.

हुश्श! तिला स्वतःचीच लाज वाटली. चांगली हवा, पोटभर जेवण, हसरी शेजारीण, आणि आपण डोक्यात नको ते किडे पाळतो. ती गुणगुणत भांडी घासायला बसली.

भांडी घासताना बोटातली अंगठी निसटून मोरीत पडली.

लग्नात चढवली तेव्हापासून ती अंगठी निघाली नव्हती. साबण लावूनही निघायची नाही. तिनं ती फेसातून शोधून काढली आणि परत बोटात घातली. ती सैल फिरत राहिली. प्रवासाची दगदग, ती म्हणाली. पाणी बदललं. बोटं सुकतात माणसाची.

मग तिनं हात वर धरला. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत बोटं फाकवली आणि आपल्या वितीकडे बघत बसली. पोर ज्या वितीनं मोजली ती वीत. तिला आणखी एक गोष्ट सुचत होती, अगदी ओठांपर्यंत आली होती, पण तिनं ती सुचू दिली नाही. नळ मोठा सोडला आणि उरलेली भांडी खळखळ आवाज करत धुतली.

६

वाळत घालायला म्हणून ती गच्चीवर गेली. ऊन कोवळं होतं. समोर सगळं शहर पसरलेलं, स्वच्छ, रुंद रस्त्यांचं. कुठे आरडाओरडा नाही, हॉर्न नाही. रस्त्यावरची माणसं लांबून लहान दिसत होती. लांबून दिसतातच.

कठड्याजवळ वहिनी पाठमोऱ्या बसल्या होत्या. मांडीवर शालीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन हलकेच डुलत होत्या.

स्कर्टचा राग गेला असेल तर बरं, असं म्हणत ठमीची आई जवळ गेली. "कुणाचं बाळ आणलंत?"

"बाळ कुठलं!" वहिनी वळून हसल्या. राग नव्हता. "आमच्या सासूबाई. सकाळचं ऊन लागतं त्यांना."

तिला वाटलं, वहिनी थट्टा करतायत. ती हसायला लागली. हसू अर्ध्यावरच राहिलं, कारण शालीची कड हलली आणि आतून एक हात बाहेर आला. ऊन डोळ्यांवर येत असेल, तो हात शाल पुढे ओढत होता. म्हाताऱ्या माणसाचा हात. शिरा फुगलेल्या, पंजावर काळे डाग, सांधे सुजलेले, कातडी सुटलेली. नीट ओळखू यावं असं सगळं. आणि तो सगळाच्या सगळा हात ठमीच्या बाहुलीला शोभला असता.

बोटात अंगठी होती. ती बसावी म्हणून तिला दोरा गुंडाळला होता. किती वेळा गुंडाळला असेल कोण जाणे, अंगठी कमी आणि दोराच जास्त दिसत होता.

"काल चहात साखर फार झाली होती," शालीतून आवाज आला. कोरडा, बारीक, कुरकुरता.

"बरं, आज कमी घालते," वहिनी म्हणाल्या.

ठमीच्या आईनं ओले कपडे एकेक करून वाळत घातले. चिमटे लावले. एक फडकं खाली पडलं, ते झटकून परत घातलं. मग ती एकेक पायरी बघत खाली आली, दार लावलं, कडी घातली आणि ठमीला पोटाशी धरून बसली.

म्हातारपणी माणूस आटतोच, तिचं डोकं सांगत होतं. स्वतःची आजी शेवटी कशी मुटकुळ्याएवढी झाली होती. हो, झाली होती. पण आजीला कुणी मांडीवर घेऊन डुलवत नव्हतं.

"आई, सोड ना, घाम आला," ठमी म्हणाली.

७

नवऱ्याला सांगायच्या फंदात ती पडलीच नाही. त्यानं सकाळी जाताना सांगितलं होतं, "आज संध्याकाळी साहेबांना उत्तर द्यायचंय. तू हो म्हणालीस की मी मोकळा." तो वळणापलीकडे गेला तशी तिनं पोरीचे कपडे एका पिशवीत भरले, औषधाची बाटली घेतली, आणि ठमीला म्हणाली, "चल, आत्याकडे जाऊ."

"आणि बाबा?"

"बाबा येतील मागून."

बस रिकामीच होती. सुटली तशी तिला मोकळं वाटलं. रुंद रस्ते मागे गेले, कारखान्याचं धुराडं गेलं, शाळा गेली. शेवटची घरं संपली. शहराची हद्द सांगणारी पाटी मागे पडली आणि दोन्ही बाजूंना मोकळं माळरान लागलं.

ठमी खिडकीशी बडबडत होती. बोलता बोलता ती गप्प झाली.

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग तिनं कान लावला. बसच्या खडखडाटातूनही ते ऐकू येत होतं. बारीक. लांब.

धुळीनं असेल. तिनं काच ओढून घेतली. पोरीची पाठ चोळली, औषध पाजलं, छातीवर फुंकर घातली, काय काय केलं. शिट्टी लांबत गेली, मग तुटायला लागली. ठमीच्या गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत ओढला जात होता. ओठांच्या कडा निळसर झाल्या. ती आईकडे बघत होती, नुसती बघत होती. आईला येत असेल काहीतरी, अशा डोळ्यांनी.

"थांबवा! बस थांबवा!"

कंडक्टरनं घंटी मारली. त्याला काही नवल वाटलेलं दिसलं नाही. "पोरीला सांभाळून उतरवा, बाई," तो म्हणाला. "परत जाणारी समोर मिळेल. येईलच इतक्यात. इथं उतरतात लोक."

त्या उघड्या रस्त्यावर, एका झाडाखाली खरोखरच बसायला बाक होता. बसून बसून गुळगुळीत झालेला. जवळ दुसरं काही नव्हतं. दुकान नाही, घर नाही. पोरीला छातीशी धरून ती त्या बाकावर बसली. तिचे पाय जमिनीला टेकले. बाक अगदी बुटका होता.

परतीच्या बसमध्ये तिनं खिडकीबाहेर पाहिलंच नाही. कान पोरीच्या छातीवर होता. पाटी कधी गेली ते तिला बघावं लागलं नाही. छातीतला आवाज तुटक होता तो लांब झाला, लांब होता तो बारीक झाला. पहिली घरं आली तेव्हा आत काहीच वाजत नव्हतं.

ठमीनं एक मोठा श्वास घेतला आणि विचारलं, "आत्या नव्हती का घरी?"

८

ती वर न जाता आधी वहिनींच्या दारात गेली. पिशवी काखेत, पोर खांद्यावर झोपलेली. वहिनी थोरलीच्या स्कर्टचा काठ पुन्हा आत घालत बसल्या होत्या. त्यांनी पिशवीकडे पाहिलं. सुई कापडात खोचून ठेवली.

"ये. बस," त्या म्हणाल्या. तुम्हीचं आता तू झालं होतं.

"बसत नाही. एकच विचारते, वहिनी. खरं सांगा."

"विचार."

पण नेमकं काय विचारायचं ते तिला शब्दांत धरता येईना. हे काय आहे, का होतं, कुणी केलं, यातलं काहीच तिला नको होतं. ते कळून पोरीच्या छातीला काय उपयोग? तिनं पोरीला खांद्यावर जरा वर सरकवलं.

"श्वास?" ती म्हणाली.

वहिनींनी मांडीवरचा स्कर्ट बाजूला ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरचं नेहमीचं हसू गेलं होतं, आणि हसू गेल्यावर तो चेहरा फार थकलेला, फार जुना दिसत होता.

"श्वास छान राहतो," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत."

ठमीच्या आईनं मान हलवली आणि ती जिना चढायला लागली. पायऱ्या तिला जरा उंच वाटल्या. थकलेल्या माणसाला वाटतातच.

संध्याकाळी बाबा आला तो दारातूनच विचारत. हातात फोन. "साहेब वाट बघतायत. काय सांगू?" त्याच्या तोंडावर इतकी आशा होती की तिला बघवेना. त्यालाही कधीतरी सांगावं लागेल. किंवा त्याचं त्यालाच कळेल, एखाद्या सकाळी, पाटावर उभं राहताना.

"हो म्हणून सांगा," ती म्हणाली.

"मनापासून ना?"

"मनापासून."

तो फोन कानाला लावून गच्चीकडे धावला. जिन्यात त्याचा आनंदानं चढलेला आवाज घुमत राहिला. ती खिडकीत बसली. ठमी उठून डोळे चोळत आली आणि मांडीवर चढली. बसली ती आरामात, सगळ्या बाजूंनी मावून. आईनं दोन्ही हातांचं कुंपण केलं.

आजवर ठमीला चार शब्द बोलले की थांबावं लागायचं, दम घ्यावा लागायचा. आज ती सुटलीच होती. "आई, मी मोठी झाले ना की मी थोरलीच्या शाळेत जाणार, आणि मोठी झाले की मी बस चालवणार, आणि तुला पुढे बसवणार, बाबाला मागे, आणि मोठी झाले की मी तुझ्यापेक्षा उंच होणार आणि मग तुलाच कडेवर घेणार, आणि मग मोठी झाले की..."

पोर कुठेही न थांबता, एका दमात बोलत होती. आणि आई खिडकीबाहेर बघत तिच्या प्रत्येक 'मोठी झाले की'ला हूं म्हणत होती.